गेल्या चोवीस तासांत

"मॅडम, ह्या ऐकतच नाहीत," सई म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली. मी डोळे लावले. काचेच्या बशीत, पाच दिवस उबवलेल्या अंड्यातून काढलेल्या इवल्याशा हृदयाच्या पेशी धडधडत होत्या. पाखरू नाही, पंख नाहीत, छाती नाही, तरी धडधडतात. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक पोर इथे आपल्याच छातीवर हात ठेवतं. सईने त्यांच्यावर अडेनोसिन घातलं होतं. ते घातलं की त्या मंदावतात, एखादा ठोका गाळतात, मधेच थांबून पुन्हा सुरू होतात. सांगलीच्या ह्या कॉलेजात सहा वर्षं मी हेच दाखवते आहे, आणि सहा वर्षांत त्या माझ्याशी कधी खोटं बोललेल्या नाहीत. आज मात्र त्या आपल्या मजेत चालल्या होत्या. मी मिनिटभर मोजलं. एकही ठोका कमी नाही. मग माझं लक्ष टेबलावरच्या दुसऱ्या बाटलीकडे गेलं आणि तोंडातून सहज निघून गेलं, "अगं, यांना कोणीतरी आधी चहा पाजलाय." सई हसली, आणि लगेच तिने जीभ चावली, कॅफिनची बशी कुठली आणि साधी कुठली, हे बशांवर लिहायचं राहून गेलं होतं. "सॉरी मॅडम, परत करते," ती म्हणाली. मी बरं म्हणाले असेन. मी पुन्हा डोळे लावले आणि त्या बशीतले ठोके मोजत राहिले.

तसं यात न समजण्यासारखं काही नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ते दहा मिनिटांत सांगते. पेशी कामाला जुंपली की एटीपी नावाचा एक रेणू मोडत राहते. त्याच्यामागचे तीन तुकडे एकेक करून निघतात, आणि फारच दमछाक झाली, रक्त पुरेना, श्वास पुरेना, की शेवटी नुसतं अडेनोसिन उरतं. ते पेशीतून बाहेर पडतं आणि आपल्यासाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसतं. हृदयाला सांगतं, जरा सावकाश. रक्तवाहिन्यांना सांगतं, रुंद व्हा, इकडे हाल आहेत. दिवसभर मेंदूत साचून डोळे जड करणारंही तेच. दमलेल्याने धाडलेला निरोप, एवढंच ते आहे. आणि चहातलं कॅफिन काय करतं, तर त्याच जागेवर आधी जाऊन बसतं. बोलत काही नाही, नुसती जागा अडवतं. निरोप येतो आणि दारातून परत जातो. हे सांगितलं की मुलं हसतात, कारण सगळी कॅन्टीनमधून चहा पिऊनच आलेली असतात. मीही हसायचे. गेले चार आठवडे मी हा भाग घाईने उरकते आहे आणि कुणी प्रश्न विचारू नये म्हणून फळा पुसायला वळते.

शिवतेजचा फोन दुपारीच येऊन गेला होता. माझा धाकटा भाऊ, फौजेत नायक, आबांच्या दिवसांसाठी आला तो अजून सुट्टीवरच आहे. "आक्का, पाचला तुज्याकडं येतो. आबांची मिरजेची फाईल काढून ठेव. वकिलाला दावायची हाय." मी म्हटलं, कशाला. "कशाला मंजी? त्या डॉक्टरनं क्लीन रिपोर्ट दिला. समदं ओके. आन् अकरा आठवड्यांत मानूस हिरीवरच्या पंपाजवळ पडला. साताऱ्यात अँजिओग्राफी केली तर दोन नसा बंद, आन् त्या बी आजच्या न्हाईत, जुन्या. मग ह्याला दिसलं कसं न्हाई? केस टाकणार हाय मी. त्येचा जॉब गेला तर जाऊंदे." त्याचा आवाज ड्रिलला उभा असल्यासारखा होता, तो रडू येऊ नये म्हणून असाच बोलतो, लहानपणापासून. मी ठेवते काढून, असं म्हणाले. फाईल माझ्याच कपाटात आहे. तिच्यात मागे एक अर्ध्या पानाचा फॉर्म आहे, आणि त्याच्यावर माझी सही आहे.

आबा माझ्या घरचं पाणी पीत नसत. मुलगी दिल्या घरी बापाने पाणी पिऊ नये म्हणतात, त्यातलं हे नव्हतं. मी सुमंतशी लग्न केलं, तो आमच्यातला नाही, आणि आबांनी ना भांडण केलं ना शिव्या दिल्या; फौजेतून निवृत्त झालेले हवालदार नानासो, म्हणजे आमचे आबा, नुसते गप्प झाले. वर्षातून दोनदा म्हसवडहून एसटीने यायचे. ज्वारी, शेंगा, कधी डाळिंबं. आमच्या इमारतीच्या फाटकाशी उभे राहून वॉचमनला सांगायचे, "वर सांगा, तिचा बाप आलाय." मी पळत खाली यायचे. ते पिशवी माझ्या हातात द्यायचे, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे, स्वतःची पाण्याची बाटली काढून चूळ भरायचे आणि परतीची गाडी धरायचे. मी म्हणायचे, आबा, वर चला. ते म्हणायचे, "बगू पुढच्या टायमाला." पाच वर्षं त्यांनी माझ्या घराचा जिना पाहिला नाही. मला ह्या माणसाचा इतका राग यायचा, की गाडी सुटल्यावर मी तिथेच फाटकाशी उभी राहून रडायचे आणि मग शेंगांची पिशवी वर नेऊन आधाशासारखी खायचे. कारण हेच आबा मी साताऱ्याला शिकायला होते तेव्हा दर महिन्याला होस्टेलच्या फाटकाशी यायचे. आत पुरुषांना बंदी. मी खोलीत चोरून कॉइलवर चहा करायचे आणि थर्मासच्या झाकणातून त्यांना फाटकाच्या गजांमधून द्यायचे. ते म्हणायचे, "मेसमदला असला चहा आमाला कवा मिळाला न्हाई." फाटक तेव्हाही होतं, पण तेव्हा ते आमच्या बाजूचं होतं.

छातीत दाटायला लागलं तेव्हा शिवतेजने ठरवलं होतं, साताऱ्याला दाखवायचं. आबा अडून बसले, मिरजेतच दाखवीन. का, तर म्हणे तिथं जवळ संयोगिता हाय, म्हणजे मी. आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच खाली बसले. डॉक्टरांनी तपासणी सांगितली ती नेमकी माझीच: शिरेतून अडेनोसिन द्यायचं, रक्तवाहिन्या रुंद होतात, ज्या अडलेल्या असतात त्या होत नाहीत, आणि यंत्रावर दोन्हींमधला फरक दिसतो. ज्या पांढऱ्या पुडीवर माझं पोट चालतं, तीच आबांच्या हातातून आत जाणार होती. मला त्याचा बावळट अभिमान वाटला. कागदावर ठळक छापलं होतं, चोवीस तास आधी चहा-कॉफी बंद. मी आईला स्वतः फोन करून बजावलं. आईने दोनदा वाचून दाखवलं त्यांना.

त्या दिवशी सकाळी साडेआठला बेल वाजली. वॉचमन नाही, खालून हाक नाही, बेल. दार उघडलं तर आबा, दोन जिने चढून धापा टाकत, हातात टोपी. सुमंत आतूनच बघून समजला. आपण असलो तर आबा मोकळं बसणार नाहीत, म्हणून दुधाच्या पिशव्या आणायच्या निमित्ताने तो बाहेर पडला. आबा खुर्चीवर टेकले. भिंती बघितल्या, पंखा बघितला, आमचा फोटो बघितला. मग म्हणाले, "तुजं काम तरी काय असतंय गं त्या लॅबात?" मी त्यांना सांगितलं, दमलेल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तो मी बघते. ते नीट ऐकत होते, मग म्हणाले, "मंजी आंग बोलतंय ते बगतीस." आणि त्याच आवाजात, "चहा टाक."

मी म्हटलं, "आबा, आज न्हाई. तपासणी झाली की घ्या." माझी भाषा त्यांच्यापुढे आपोआप गावाला जाते. ते खिशातला कागद काढून बघत म्हणाले, "लिवलंय ते म्हाईत हाय मला. पर झाली तपासणी की मी एसटीला पळणार. आन् मग परत हितं यायला मला काय कारन हाय? आज पाय वर आलेत तवर टाक." त्यांनी कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खुर्चीशी काढून ठेवलेल्या चपला चाचपल्या, उठायच्या बेताने की सहजच, ते मला अजून कळलेलं नाही. मी एवढंच पाहिलं, की त्यांचा हात चपलांकडे गेला. आणि मी गॅस पेटवला. ह्या विषयावर माझे दोन शोधनिबंध आहेत. सांगली-मिरज दोन्ही गावांत मिळून त्या चहाने काय होईल हे माझ्याइतकं नेमकं सांगणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या एकीने दीड चमचा पावडर घातली, आलं ठेचलं, आणि तो चहा उकळत ठेवला. सात मिनिटं. जेवढा जास्त उकळेल तेवढं कॅफिन जास्त उतरतं, हेही मला माहीत होतं. पण चहा उकळत होता तोवर आबा माझ्या घरात बसलेले होते, आणि मला ते संपायला नको होतं. आबांनी तो बशीत ओतून प्यायला. "बरा झालाय," म्हणाले. मग बशी खाली ठेवत, "अजून हाय का?" अर्धा कप होता. मी दिला.

हॉस्पिटलात निळ्या कपड्यातल्या मुलीने फॉर्म पुढे घेतला आणि विचारलं, "काका, गेल्या चोवीस तासांत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक?" आबा म्हणाले, "न्हाई बा." आणि माझ्याकडे बघितलं. मिशीचा एक कोपरा हलला. मी सात वर्षांची असताना ते सुट्टीवर यायचे आणि आईच्या चोरून मला बाजारात जिलबी खाऊ घालायचे, तेव्हा घरी शिरताना मिशी अशीच हलायची. मुलीने फॉर्म माझ्याकडे वळवला. नातेवाईक म्हणून तुम्ही सही करा. मी केली. खाली नाव लिहिलं, नावापुढे सवयीने डॉक्टर लिहिलं. आणि मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगितल्याशिवाय ह्या सगळ्याला काही अर्थ नाही: मला आनंद झाला होता. पाच वर्षांनी आबांचं आणि माझं दोघांचंच असं काहीतरी झालं होतं. ते मोडायला मला एक वाक्य पुरलं असतं, मुली, थांब, यांनी चहा घेतलाय. तारीख आठवड्याने पुढे गेली असती, आबा पुन्हा आले असते. पुन्हा आले असते, हे मला सुचलंच नाही. माणूस इतका शिकलेला असून इतका मूर्ख कसा असतो, हा माझा रोजचा प्रश्न आहे.

ते बाहेर आले ते शर्टाची बटणं लावत, खुशीत. "ती पोरगी म्हनत व्हती छाती दाटंल, तोंड गरम व्हईल. मला तर कायच झालं न्हाई. फौजेतलं आंग हाय." मला तिथेच कळलं. ज्याला अडेनोसिन चढतं त्याला काहीतरी होतंच. काहीच झालं नाही, म्हणजे ते बहुतेक दारातूनच परत गेलं. मी म्हणाले, चांगलंच आहे की. स्टँडवर त्यांना गाडीत बसवलं, खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला. रिपोर्ट आला, सगळं ठीक. मी मनाशी ठरवलं, दिवाळीनंतर काहीतरी निमित्त काढून पुन्हा करू. रोज फोन उचलायचे आणि ठेवायचे. सांगितलं असतं तर तो चहा चूक ठरला असता. आबांनी माझ्या घरी पहिल्यांदा काही घेतलं ती गोष्ट चूक ठरली असती. आणि तिकडे आबांनी गावभर सांगितलं होतं, संयोगिताच्या घरी चहा घेतला, दोनदा घेतला. आई फोनवर हसत तक्रार करायची, आता माझ्या चहाला नावं ठेवतात. अकरा आठवडे गेले. साताऱ्याच्या हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा ते बेशुद्ध होते. दोन दिवस त्यांना काचेतून बघितलं. तिथे यंत्रावर त्यांचे ठोके दिसत होते आणि मी सवयीने मोजत होते.

प्रयोगात मी नेहमी दुसरी बशी ठेवते. एकीत कॅफिन, एकीत नाही, मग बोलायचं. आबांची दुसरी बशी नव्हती. चहा न घेतलेले आबा कुठेही नाहीत, ज्यांच्याकडे बघून मला कळेल की दीड कपाने खरंच सगळं झालं की काहीच झालं नाही. कदाचित रिपोर्ट तसाही ठीक आला असता. कदाचित कळूनही ते गेले असते. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की त्यातली अक्षरं झिजली आहेत. मला एवढंच पक्कं माहीत आहे, की निरोप आला होता आणि दार मी अडवलं होतं.

शिवतेज पाचला आला, ठरल्या वेळी, आणि नेमका आबा बसले होते त्याच खुर्चीवर बसला. मी फाईल समोर ठेवली. तो एकेक कागद उलटत होता, रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाला, "हे बग, नॉर्मल. सही बग त्येची." मी मागचा अर्धा कागद ओढून वर ठेवला. "हे वाच आधी."

त्याने वाचला. "मंग? चहा घेतला न्हाई लिवलंय."

"घेतला होता."

"कुठं?"

"हितंच. मी केलेला. दीड कप."

"आमी समजत व्हतो तपासणी झाल्यावर घेतला," तो म्हणाला. "त्यानं काय व्हतंय?" मग मी त्याला सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते तसंच, जागा, निरोप, दार. सांगताना माझा आवाज एकदाही फाटला नाही आणि त्याची मला लाज वाटली. तो ऑर्डर ऐकावी तसा ताठ बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंजी मशिनला दिसणारच नव्हतं."

"व्हय. डॉक्टरची चूक न्हाई. सही माजी हाय."

"तुला म्हाईत व्हतं."

"व्हय."

"तू पोरांना हेच शिकवतीस, आक्का." हा टोमणा नव्हता. त्याला ते खरंच कळत नव्हतं, आणि तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी म्हणाले, त्यांचा हात चपलांकडे गेला होता रं. एवढंच म्हणाले. त्यावर त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. फौजेतल्या माणसाचा चेहरा असा झालेला मी स्मशानातही पाहिला नव्हता. तो उठून खिडकीशी गेला. तिथून आमचं फाटक आणि समोरची टपरी दिसते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. मी तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"शिवा पोचला का गं?"

"पोचला."

"बरं, ऐक. परवा महिना घालायचाय त्यांचा. पानावर समदं ठेवतोच आपण, पर चहा ठेवायचाच हाय. तुज्याकडनं आल्यापासनं एक दिवस त्यांनी माज्या चहाला बरं म्हणलं न्हाई. संयोगीसारका न्हाई, संयोगीसारका न्हाई. म्या लय करून बगितला. आता शेवटाला तरी त्यांच्या मनासारका व्हऊंदे. बायका बी इचारतात, शेवटी लेकीकडं गेले का न्हाई, म्या सांगते, गेले, चहा बी घेतला. तेवढंच बरं वाटतंय बग मला." मग तिने विचारलं, "पावडर किती घातली व्हतीस?"

शिवतेज खिडकीपासून वळला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने सावकाश मान हलवली, नाही म्हणून. टेबलापाशी येऊन त्याने तो अर्धा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं. वकिलासाठी काढलेली फाईल त्याने बंद केली आणि माझ्याकडे सरकवली.

"दीड चमचा," मी म्हणाले.

"साखर?"

"तीन. आन् आलं ठेचून, किसून न्हाई."

"ते तर म्या बी घालते. मंग चुकतंय कुठं? उकळलास किती?"

"सात मिनिटं, आई," मी म्हणाले.

"तरीच," आई म्हणाली. "म्या लवकर उतरवत व्हते."